दिवसा सांगायची गोष्ट

शेवट आधीच सांगून टाकते. मामा आला.

आता तुम्ही म्हणाल, ही कसली पोरगी, पहिल्याच ओळीत सगळं सांडून बसली! पण करू काय? ऊन चांगलं वर आलंय, भात खळ्यावर पडलंय, आणि आमच्या घरात दिवसाउजेडी गोष्ट सांगायची नसते. दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो. हे माझं शास्त्र नाही, आईचं आहे, तिच्या आईचं होतं. अगदीच अडलं तर एक पळवाट आहे: शेवट आधी सांगायचा. शेवट सांगून टाकला की ती गोष्ट राहत नाही, नुसती खबर होते, आणि खबरीनं कुणाचा मामा चुकत नाही.

तर खबर अशी की मामा आला. कसा आला ते ऐका.

दिवाळी नुकतीच सरली होती. पाताळगंगेवरचं धुकं सकाळी आमच्या शेतात येऊन बसायचं आणि उठायचं नाव घ्यायचं नाही. बांधावरून खाली उतरलं की आपण कमरेच्या वर तेवढे दिसायचो, खाली नुसतं पांढरं. मला रोज वाटायचं की मी अजून अंथरुणातच आहे, आणि हे शेत झोपेत कापते आहे. हात मात्र झोपेतले नव्हते. भाताच्या पात्यांनी मनगटापर्यंत चरे पडले होते. त्यांना घाम लागला की असं चरचरायचं की काय सांगू!

कापायला आम्ही दोघीच, मी आणि आई. बाबा नवरात्रात बांधावरून घसरले आणि घोटा मोडून बसले. प्लास्टरचा पाय खुर्चीवर ठेवून ते ओटीवरून आम्हाला शेती शिकवायचे. "रंभे, बुडातून काप! मनस्वी, मूठ मोठी धर!" आई एकदा कंबर सरळ करून म्हणाली, "तोंडानं शेत कापलं असतं तर तुमी कवाच उरकलं असतं." मग बाबा मोबाइलवर ढग बघायला लागले. ढग होतेच. भात पिकून पिवळं झालेलं, दाणा झडायला लागलेला, आणि मजूर म्हणाल तर औषधाला नाही. आमच्या आपटे गावातली तरणी माणसं सकाळीच कंपनीच्या बसमध्ये चढून जातात.

एरवी या दिवसांत मामा यायचा. काशिराम मामा, आईचा मोठा भाऊ, तिकडे खारघरच्या कडेला ओव्याला राहतो. तो येताना स्वतःचा विळा कमरेला खोचून यायचा, आमचा त्याला चालायचा नाही. पण ओव्याला आजोबांची थोडी जमीन राहिली होती, ती बिल्डरला द्यायची निघाली, आणि त्यासाठी बहिणीनं हक्क सोडल्याची सही लागते. आईनं सही दिली नाही. झालं! तेव्हापासून मामाचा पाय इकडे वळला नाही. कापणीला नाही, गणपतीला नाही.

यंदाच्या भाऊबीजेला आईनं पाट मांडला, रांगोळी काढली आणि दारात बसून राहिली. अंधारायला लागलं तशी उठली, ताट उचललं, अंगणात गेली आणि चंद्राला ओवाळलं. जिला भाऊ नाही तिनं चंद्राला ओवाळायचं असतं. बीजेचा चंद्र केवढासा, नखाएवढा, आणि तोही चिंचेमागे जायच्या घाईत. आई हात उंच करून ताट फिरवत होती आणि मी पायरीवर बसून बघत होते. मला मामाचा असा राग आला होता की समोर असता तर बोचकारलंच असतं.

आता माझ्या कॉलेजचं. मी पनवेलला बारावीत आहे. इंग्रजीला प्राची मॅडम, करंजाड्याच्या नव्या इमारतीत राहतात, आवाज गोड. त्यांचा तास जेवणानंतर. वर पंखा घरघर करतो, पोटात भाकरी असते, पहाटे शेतात राबून आलेली असते मी, आणि मॅडमचं इंग्रजी लांबून येणाऱ्या गाण्यासारखं ऐकू येतं. डोळे उघडे ठेवून झोपायची कला मी तिथंच शिकले. पण गणपतीनंतर त्यांनी गोष्टी घेतल्या आणि माझी झोप उडाली. ट्विस्ट एंडिंगच्या गोष्टी. म्हणजे शेवटाला असा झटका की वाचणारा म्हणेल, अगं बाई!

"शेवट शेवटपर्यंत लपवायचा," मॅडम म्हणाल्या. "पण लपवायचा असा, की कळल्यावर मागं वळून बघितलं तर वाटलं पाहिजे, हे तर समोरच होतं."

आणि दिवाळीनंतर एक गोष्ट वाचून दाखवली. एक वॉचमन असतो. मोठ्या बंगल्याच्या फाटकाशी जन्मभर बसतो, आल्यागेल्याला सलाम करतो, थंडीवाऱ्यात कुडकुडतो, पण आत पाऊल टाकत नाही. शेवटच्या ओळीत कळतं की बंगला ज्या जमिनीवर आहे ती त्याचीच होती. मॅडमनी पुस्तक मिटलं आणि आमच्या तोंडाकडे बघितलं. सगळा वर्ग थंड.

मागून दीपेश म्हणाला, "मॅडम, यात ट्विस्ट काय हाय? ही आमच्या काकाची नोकरी हाय."

वर्ग फुटला नुसता. मॅडमही हसल्या, पण मग खिडकीतून बराच वेळ बाहेर बघत राहिल्या. त्या नव्या होत्या इकडे.

मी हसता हसता सवयीनं खिडकीजवळच्या बाकाकडे बघितलं. तिथं प्रांजल बसते, काशिराम मामाची मुलगी. आधी आम्ही दोघी एका बाकावर, एकाच डब्यात. सहीचं झाल्यावर ती खिडकीकडे गेली, मी दाराकडे राहिले. घरचं कुणी काही बोललं नव्हतं हो. आम्हीच शहाण्या. तीही हसत होती, माझ्याकडे बघितलं आणि ओठ मिटून घेतले.

तासाच्या शेवटी मॅडमनी सांगितलं, शुक्रवारी प्रत्येकानं ट्विस्टची एक गोष्ट इंग्रजीत, न बघता, वर्गासमोर सांगायची. त्याचे मार्क धरणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेतात मी आईला म्हटलं, "आये, माजी गोष्ट ऐक ना. शेवट कलतो का बग. एक बाई असते, रोज रातची..."

"गप!" आईचा विळा थांबला. "दिवस हाय."

"परीक्षा हाय गं."

"मंग परीक्षा रातची दे."

"आये, बारावीत हाय मी. दिवसा गोष्ट सांगितली तर काय व्हतं?"

"मामा वाट चुकतो."

आणि माझी जीभ सुटली. "मामा कशाला चुकल वाट? मोबाइलमदी नकाशा हाय त्याच्या. त्याला वाट पाठ हाय. त्यो येत नाय, येवरंच!"

आईनं मूठ धरली आणि कापली, दुसरी धरली आणि कापली. त्या दिवशी ती माझ्याशी फक्त विळ्यानं बोलली. मी मागून पेंढ्या बांधत गेले. धुकं उठलं, कोरडं ऊन पडलं, आणि तिच्या पाठीवर ब्लाउज घामानं चिकटलेला बघून मला फार वाईट वाटलं. पण सॉरी म्हणायची पद्धत आमच्या घरी नाही. मी तिला पाण्याचा तांब्या नेऊन दिला, ती पाणी प्यायली, संपलं.

संध्याकाळी भाकऱ्या थापता थापता तिनंच विचारलं, "ती तुजी म्याडम गोष्टी शिकवते, ती कवा?"

"दुपारी."

"भर दुपारी?"

"जेवल्यावर."

"अन शेवट आधी सांगते?"

"नाय गं! शेवट लपवायचा, तोच तर धडा हाय."

आईचा हात तव्यावरच राहिला. भाकरी करपल्याचा वास आला तरी तिला शुद्ध नाही. "भर दुपारी," ती स्वतःशीच म्हणाली. "शेवट लपवून. अन येवरी पोरं बसवून!" मग माझ्याकडे वळली. "कवापासून?"

"गणपतीनंतर."

"तरीच. गणपतीला नाय आला, भाऊबीजेला नाय आला."

ओटीवरून बाबा हसले. मीही हसले. "आये, मामा त्याच्या आधीपासनं येत नाय," म्हटलं. पण तिचा हिशोब झाला होता. त्यात भाऊ रुसलेला नव्हता, नुसता चुकलेला होता. चुकलेल्याला वाट दाखवता येते. रुसलेल्याचं काय करायचं, ते तिला इतके दिवस कळत नव्हतं.

शुक्रवारी आभाळ सकाळपासून खाली आलेलं. असल्या दिवशी कापणी सोडून कुणी उठत नाही. पण दुपारी आमचा तास चालू असताना वर्गाच्या दारात कुणीतरी खोकलं. बघते तर आई! लग्नाकार्याची हिरवी साडी, केसांत अबोली, हातात नव्या भाताच्या पोह्यांची पिशवी. आपट्याहून मिनिडोर रिक्षानं आली होती. तिनं दाराबाहेर चपला काढून ठेवल्या, देवळात ठेवतात तशा, आणि अनवाणी आत आली. पोरं खुसूखुसू हसायला लागली. मला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

"म्याडम, पाया परतंय," आई म्हणाली. "मी मनस्वीची आय. तुमी इंग्रजी शिकवा, चांगलं शिकवा. पन गोष्ट दिवसाची नको. सांज झाल्यावं शिकवा. नायतर शेवट तरी आधी सांगा."

मॅडमना काही कळेना. "का हो ताई?"

"दिवसा गोष्ट सांगली की मामा वाट चुकतो."

वर्ग खदखदला. दीपेश ओरडला, "मॅडम, म्हणून माझा मामा कालपासून फोन उचलत नाय!" मॅडमनी "दीपेश!" म्हणून त्याला गप्प केलं. आई तशीच उभी होती, पिशवी पोटाशी धरून. तिनं कुणाकडे बघितलं नाही.

"माजा भाऊस येत नाय, म्याडम," ती म्हणाली.

एवढंच. पण हसू थांबलं. पंख्याची घरघर ऐकू यायला लागली. आईची नजर तेवढ्यात खिडकीकडे गेली आणि तिचा चेहराच बदलला. "प्रांजल? बाय, तू बी या दिवसाच्या गोष्टी ऐकतेस?" आणि काळजीनं पुढे सरकून, "तुजा मामा येतो ना गं घरी?"

प्रांजल उभी राहिली. तिचे डोळे भरले होते. "येतो, आते."

"बरं बाय. बरं," आई म्हणाली. तिचा जीव भांड्यात पडला.

मॅडमनी पोह्यांची पिशवी घेतली आणि तिला हाताला धरून शेवटच्या बाकावर बसवलं. मग मला म्हणाल्या, "मनस्वी, तुझी गोष्ट. पण आईंच्या पद्धतीनं. शेवट आधी सांग."

"मॅडम, मग ट्विस्टचं काय?"

"बघू या, उरतो का."

माझ्या तयार गोष्टीत एक भूत होतं. शेवटी कळायचं की सांगणारीच भूत आहे. सगळं पाठ होतं. पण समोर शेवटच्या बाकावर आई बसलेली, गुडघे बाकात मावत नाहीत म्हणून तिरकी, कान टवकारून, इंग्रजी कळत नसताना. आणि मला भुताची लाज वाटली.

मी इंग्रजीत म्हटलं, शेवट हा आहे: एक बाई चंद्राला ओवाळते. मग मागे गेले. तिला भाऊ आहे. भाऊ जिवंत आहे. तो जवळच राहतो. त्याला तिची एक सही हवी होती, ती तिनं दिली नाही. माझं इंग्रजी म्हणजे दगडांवर पाय देत ओढा ओलांडल्यासारखं, एक वाक्य, थांबा, दुसरं वाक्य. पाट सांगितला, रांगोळी सांगितली, दारात बसणं सांगितलं. पाटाला इंग्रजीत काय म्हणतात ते आलं नाही, पाटच म्हटलं. बाहेर आभाळानं दुपारची संध्याकाळ केली होती. वर्गात कुणी हलत नव्हतं, आणि मला परत तसंच वाटायला लागलं, कमरेच्या खाली काही नाही, सगळं धुक्यात, फक्त माझा आवाज तेवढा चाललाय. आई मधून मधून मान हलवत होती. मदर कळलं तिला. ब्रदर कळलं. मून म्हटल्यावर तिनं पदर ओढून तोंडावर घेतला.

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. मॅडमनी हळू आवाजात विचारलं, "पण तिनं सही का नाही दिली?"

मी तोंड उघडलं आणि लक्षात आलं, मला माहीत नाही. घरात राहून, तिच्याच ताटात जेवून, मला माहीत नाही. जमीन हवी असेल, असं आपलं मी धरून चालले होते. "आय डोन्ट नो, मॅडम," म्हटलं.

"मग शेवट आधी सांगूनही तुझा ट्विस्ट अजून शिल्लक आहे," मॅडम म्हणाल्या.

तास सुटल्यावर प्रांजल आईच्या मागे मागे मिनिडोरच्या थांब्यापर्यंत आली. "आते, पप्पांना काय सांगू?"

"काय नको सांगू." आई चढली, मग पुन्हा वाकून म्हणाली, "कापनी चालली हाय, येवरंच सांग."

ते ढग त्या दिवशी बरसले नाहीत. शनिवारी आम्ही कापलं. रविवारी सकाळी धुकं इतकं दाट की विळ्याचं टोक दिसेना. आम्ही घराकडच्या बांधापासून सुरुवात केली. थोडं कापून झालं आणि आई थबकली. नदीच्या बाजूनं आवाज येत होता. खर्र, खर्र. कुणीतरी भात कापत होतं. आमचं भात!

"आये, चोर," मी कुजबुजले.

आईनं मान तिरकी करून ऐकलं. भात कापताना प्रत्येकाचा हात वेगळा वाजतो, हे मला तेव्हा कळलं. "नाय," ती म्हणाली. "काप तू."

आणि वाकून कापायला लागली. हाक नाही, काही नाही! मी पेंढ्या बांधतेय आणि धुक्यात बघतेय. हळूहळू पलीकडे एक डोकं दिसलं, मग पाठ, मग मुंडासं. मामा. तो तिकडून कापत येत होता, आम्ही इकडून. त्यानं वर बघितलं नाही, हिनंही नाही. सकाळ गेली, ऊन तापलं, मधलं उभं भात बारीक बारीक होत चाललं. मी पळत जाऊन बाबांना सांगितलं. ते काठी टेकत, प्लास्टरचा पाय ओढत मागच्या दारापर्यंत आले आणि जन्मात पहिल्यांदा कुणाला बुडातून काप म्हणाले नाहीत.

दुपारी दोघांच्या मध्ये भाताची एक ओळ राहिली. अलीकडे आई, पलीकडे मामा. दोघंही वाकलेले. मामाचा श्वास जोरात चालला होता. म्हातारा वाटला मला तो. बोचकारायचं मी विसरूनच गेले.

"प्रांजल बोलली," मामा जमिनीकडे बघत म्हणाला, "तू कालेजात गेलतीस."

"गेलती."

"माज्यासाठी?"

"मंग काय त्या दीपेशसाठी?"

मामा तिथंच खाली बसला. "सही नाय देलीस तवा वाटलं, बईन फिरली. हिस्सा मागते."

"कोन बोलला?"

"केतन. एजंट."

"त्यो?" आई ताठ उभी राहिली. "बूट घालून ओटीवं आला. 'ताई, इथं सही करा' बोलला. मी बोलली, माज्या दादूसला पाठव. तर बोलतो, काशिरामशेटला टाइम नाय." तिचा आवाज चिरकला. "जमीन तुजी नं माजी. तू मागितलीस कवा? सांग ना! तू कवा मागितलीस?"

मामानं मुंडासं सोडलं, तोंड पुसलं, आणि पुसतच राहिला. मी पेंढी हातात धरून तशीच उभी. माझ्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते मी पुसलं नाही.

मग मामा उठला. भाताच्या ओळीशी येऊन उभा राहिला. "आता मी मागतंय, रंभे. मी सोता. सही देशील?"

आईनं विळ्याला लागलेली माती अंगठ्यानं काढली.

"नाय," ती म्हणाली.

मी तर बघतच राहिले. बाबा दारातून "अगं!" म्हणाले.

"बिल्डर थांबायचा नाय," मामा म्हणाला.

"त्यो नाय थांबला तं नको. तू थांब. जेवून जा." मग तिनं पहिल्यांदा त्याच्या तोंडाकडे बघितलं. "सही देली की तुला इकरं यायला काय कारन उरतं रं? माजं म्हायेर त्या सहीयेवरंच उरलंय."

मामा तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या ओठांचा कोपरा हलला. "येरी ती येरीच," वेड्या बहिणीला म्हणावं तसं तो म्हणाला. "मंग पुढल्या कापनीला पुन्ना ईचारीन."

"ईचार. पन इकरं येऊन. फोनवं नाय."

"तवा देशील?"

"तवाचं तवा."

मामा नाकातून हसला. पाय उचलून ती ओळ ओलांडून अलीकडे आला, आणि उरलेलं भात दोघांनी एकाच बाजूनं कापायला घेतलं.